पिग्मीच्या पावतीतून रहस्यकथा सुचते का?

पत्र: ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, सहकारी पतसंस्थेत काउंटरला आहे. आजोबांच्या पेटीत बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा गठ्ठा होता, झुंजार आणि काळा पहाड वाचतच मी मोठी झाले. आता स्वतः रहस्यकादंबरी लिहायची फार इच्छा आहे. दोन-तीनदा सुरुवातही केली. दर वेळी महाबळेश्वरचा बंगला, धुकं, परदेशातून आलेला उद्योगपती आणि त्याचा खून. चौथ्या पानापुढे गाडी सरकत नाही. लेखकांना म्हणे रोजच्या जगण्यातून सुचतं. माझं रोजचं जगणं म्हणजे सकाळी पिग्मी, म्हणजे दुकानादुकानांतून रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एजंटांची मशिनं उतरवून घ्यायची, म्हणजे त्यांतल्या नोंदी संगणकात घ्यायच्या, दिवसभर सोनेतारण आणि पासबुकं, संध्याकाळी कॅश टॅली आणि मग घर. यातून काय सुचणार? आणखी एक विचारायचंय. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मागच्या वर्षी विहिरीत पडून गेले. पोलिसांनी अपघात म्हणून नोंदवलं, पण लोक अजून त्यांच्या बायकोबद्दल कुजबुजतात. त्यावर लिहिलं तर चालेल का? कृपया नाव छापू नका.

उत्तर:

तुमच्या पत्रातला महाबळेश्वरचा बंगला मला दिसला नाही. ‘एजंटांची मशिनं उतरवून घ्यायची’ हे वाक्य मात्र मी पुन्हा मागे जाऊन वाचलं. तो बंगला तुम्ही इतरांच्या पुस्तकांतून उचललाय, आणि तिथे स्वयंपाकघर कुठे, नोकर कधी येतो, गेटला कुलूप कोण लावतं, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून चौथ्या पानावर अडायला होतं. तुमच्या काउंटरवरचं सगळं मात्र तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. रहस्यकथेला नेमकं हेच लागतं. एखादी गोष्ट एरवी कशी घडते हे पक्कं माहीत असल्याशिवाय ती एके दिवशी वेगळी घडली हे कळणार कसं?

अगाथा ख्रिस्तीचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण ती जिथे बसून पहिली कादंबरी सुचवून घेत होती ती जागा तुमच्या काउंटरपेक्षा फारशी वेगळी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती इंग्लंडमधल्या टॉर्की या गावी इस्पितळाच्या औषधालयात काम करत होती. आपल्याकडे पूर्वी डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर मिश्रणं तयार करून बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचे, तसंच काम. 1917 साली तिने त्याची परीक्षाही दिली. कधी कामाची झुंबड, तर कधी दुपारभर एकटीने बसून राहायचं. रहस्यकथा तुला जमणार नाही, असं थोरल्या बहिणीने पूर्वी तिला डिवचलं होतं, ते डोक्यात होतंच. चारही बाजूंना विषाच्या बाटल्या होत्या. मग तिने विषाने केलेला खून निवडला.

पुढचा परिच्छेद, ज्यांनी तिची ही पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी सरळ गाळावा.

त्या काळी स्ट्रिक्निन हे जहाल विष अगदी अल्प प्रमाणात टॉनिकमध्ये घालत असत. नसा शांत करायला ब्रोमाइड देत. दोन्ही औषधं आपापल्या जागी ठीक. पण स्ट्रिक्निनच्या बाटलीत ब्रोमाइड पडलं की स्ट्रिक्निनचा साका तळाशी बसतो. वरचे डोस घेताना काही होत नाही, आणि बाटलीतला शेवटचा डोस म्हणजे सगळं विष एकदम. मिश्रणं बनवणाऱ्या प्रत्येकाला हा धोका शिकवलेला असायचा. औषधालयाबाहेरच्या माणसाच्या मात्र तो स्वप्नातही येणार नाही. 1920 साली कादंबरी अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने विषाची माहिती अचूक असल्याबद्दल तिचं कौतुक केलं. त्या शाबासकीचं तिला फार अप्रूप होतं, आणि ते मला अगदी पटतं. आपल्याच धंद्यातल्या माणसाने ‘बरोबर लिहिलंय’ म्हणणं याची सर इतर कौतुकाला नाही.

तिचा तो मिशीवाला गुप्तहेर तरी कुठून आला? युद्धामुळे बेल्जियममधून पळून आलेली निर्वासित कुटुंबं टॉर्कीत राहत होती. तिने विचार केला, यांच्यात एखादा निवृत्त पोलीस अधिकारी असेल तर? झाला पायरो तयार.

त्याच दिवसांतला एक प्रसंग तिने आत्मचरित्रात लिहिलाय. हाताखाली शिकण्यासाठी तिला गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे पाठवलं होतं. माणूस मोठ्या रुबाबाचा. एकदा सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, बनवताना त्याचं दशांश चिन्ह चुकलं आणि विषारी औषध दसपट पडलं. तिने हिशेब पाहिला होता, चूक तिला कळली. पण नवशिक्या मुलीने त्या गृहस्थाला चूक दाखवायची म्हणजे त्याचा अपमान, आणि तो मानणारही नाही. तिने अडखळल्याचं नाटक केलं, ट्रे खाली पाडला आणि सांडलेल्यावर पाय देऊन सगळं चिरडून टाकलं. मग क्षमा मागितली. मला हा प्रसंग तिच्या कितीतरी खुनांपेक्षा रहस्यमय वाटतो. खोलीत दोन माणसं आहेत, एकाला वाटतंय मुलगी वेंधळी आहे, आणि दुसरीला माहीत आहे की आत्ताच कुणाचा तरी जीव वाचला.

याच गृहस्थाने एके दिवशी खिशातून एक काळपट खडा काढून तिला दाखवला. ते क्युरारे होतं, बाणांना लावायचं विष. हे खिशात असलं की आपल्या हातात ताकद आहे असं वाटतं, म्हणून बाळगतो, असं त्याने सांगितलं. वरवर पाहता गुलाबी गालांचा, गुटगुटीत, हसरा दुकानदार! ती हे विसरली नाही. 1961 साली ‘द पेल हॉर्स’ लिहिताना तो तिच्या कामी आला. मधे चाळीसहून अधिक वर्षं गेली होती. त्या माणसाने कुणाला मारलं नव्हतं, काही ‘घडलं’ नव्हतं. एका माणसाने खिशातून एक खडा काढून परत ठेवला, इतकंच.

आता तुमच्या काउंटरकडे येऊ. तुम्ही पत्रात फार थोडं सांगितलंय, पण पिग्मीचं काम मी जवळून पाहिलेलं असल्यामुळे थोडा हात चालवून बघते.

बाजारपेठेत एक टेलर मास्तर आहेत असं समजा. एकटे, दुकानामागच्याच खोलीत राहणारे. रोज शंभर रुपयांची पिग्मी. शुक्रवारी सकाळी ते मरून पडलेले सापडतात. डॉक्टर म्हणतात, मंगळवारी रात्रीच गेलेत. आणि तुम्ही नेहमीप्रमाणे एजंटचं मशीन उतरवून घेताना बघता, तर मास्तरांच्या खात्यात बुधवारी शंभर रुपये जमा.

वाचक इथे दचकेल. तुम्ही दचकणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे की गिऱ्हाईक जुनं आणि खात्रीचं असलं तर एजंट एखाद्या दिवशी पदरचे पैसे भरून टाकतो आणि नंतर वसूल करतो. त्याची साखळी तुटत नाही, कमिशन बुडत नाही. पोलिसांना एजंट हेच सांगतो. पोलिसांना पटतं, मॅनेजरना पटतं, वाचकालाही पटतं. पण पावतीवर वेळ असते. पदरचे भरायचे ते हा एजंट नेहमी रात्री घरी हिशेबाला बसल्यावर भरतो, रोज सकाळी मशीन उतरवून घेणाऱ्या तुम्हाला हे दिसतं. बुधवारची मास्तरांची नोंद मात्र सकाळी सव्वाअकराची आहे. आधीची नोंद शेजारच्या किराणा दुकानाची, नंतरची पलीकडच्या सलूनची. म्हणजे बुधवारी सकाळी एजंट त्या दुकानासमोर उभा होता, आणि आतून कुणीतरी त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली.

कुणी? आणि एजंट ते का लपवतोय?

अख्ख्या गावात ही विसंगती एकाच माणसाला दिसू शकते, काउंटरच्या बाईंना. महाबळेश्वरचा उद्योगपती तुम्हाला हे कधीच देणार नाही.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ‘का लपवतोय’ यावर, जास्त वेळ घालवा. नवे लेखक सगळा जीव ‘खून कुणी केला’ यात ओततात. माझ्या मते चांगल्या रहस्यकथेचं वजन खून न केलेल्या माणसांच्या खोटं बोलण्यावर असतं. खुनी एकच असतो. बाकीचे पाच-सहा जण खोटं बोलतात ते लाजेपायी, भीतीपायी, नाहीतर कुणालातरी सांभाळून घेण्यासाठी. तुमचा एजंट कदाचित त्या दुकानात एका बाईला पाहून आलाय, ती त्याच्या ओळखीच्या घरातली आहे आणि तिथे ती का होती हे बोलून दाखवणं त्याला पाप वाटतंय. सोनेतारणाच्या टेबलावर तर हे तुम्ही रोज बघत असाल. नवऱ्याला न सांगता पाटल्या ठेवायला आलेली बाई, भावाला न कळू देता आईची बोरमाळ ठेवणारा मुलगा. सोनार दगडावर कस घासतो, वजन होतं, पाकीट सील होतं, आणि तेवढ्या वेळात ते माणूस दाराकडे कितीदा बघतं! कुणीही गुन्हेगार नाही. पण यांच्यापैकी कुणाला पोलिसांनी ‘मंगळवारी दुपारी कुठे होतात?’ असं विचारलं, तर खरं उत्तर येईल का?

जपानचे सेइचो मात्सुमोतो यांचंही नाव घ्यायला हवं, कारण त्यांनी तर रेल्वेच्या वेळापत्रकातून कादंबरी काढली. 1957 साली एका प्रवासविषयक मासिकात ती क्रमशः येऊ लागली. टोकियो स्टेशनच्या 13 क्रमांकाच्या फलाटावरून 15 क्रमांकाचा फलाट सहसा दिसत नाही, मधल्या रुळांवर सतत गाड्या उभ्या असतात. दिवसभरात संध्याकाळी 5:57 ते 6:01 अशी फक्त चार मिनिटं मोकळी मिळतात. नेमक्या त्याच चार मिनिटांत साक्षीदारांना समोरच्या फलाटावरचं एक जोडपं दिसतं. योगायोग, की कुणीतरी मुद्दाम ते दिसेल अशी वेळ साधली? ठाणे-दादरला रोज लोकल पकडणाऱ्या कितीतरी जणांना अशी चार मिनिटं तोंडपाठ असतील.

आता विहिरीबद्दल. इथे मी ठामपणे सांगते: ते लिहू नका. त्या बाई तुमच्या गल्लीत राहतात. सकाळी त्या तुमच्याच नळावर नाहीतर किराणा दुकानात भेटत असतील. नाव बदललं, गाव बदललं, तरी गल्लीतला प्रत्येक जण ओळखणार, आणि आजवर जी कुजबुज होती तिला तुम्ही छापील रूप दिलेलं असेल. कायद्याचा भागही आहे. माणूस ओळखू येत असेल तर नाव बदलल्याने सुटका होत नाही, भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमाखाली बदनामी हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. नवरा गेलेल्या बाईवर पुराव्याशिवाय गावाने केलेला आरोप ही कादंबरीची सामग्री नाही.

मग खऱ्या घटना वापरायच्याच नाहीत का? वापरायच्या, पण कशा ते इंग्रज कादंबरीकार विल्की कॉलिन्सकडून शिकण्यासारखं आहे. 1860 साली इंग्लंडमधल्या रोड नावाच्या गावात एका सुखवस्तू घरातल्या लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचे जोनाथन विचर तपासाला आले. त्यांनी बाकी सगळं सोडून धुलाईच्या कपड्यांची यादी मागवली. मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण, तिच्याकडे झोपताना घालायचे तीन गाऊन असायला हवे होते. सापडले दोन. तिसरा कुठे गेला, एवढ्यावर विचर यांनी तिच्यावर बोट ठेवलं. घरंदाज घराच्या खाजगी कपड्यांची चौकशी करतो म्हणून लोकांनी त्यांचीच छी-थू केली. मुलगी सुटली. पाच वर्षांनी तिने आपणहून कबुली दिली.

कॉलिन्सने 1868 साली ‘द मूनस्टोन’ लिहिली. त्यात बालहत्या नाही, ते कुटुंब नाही. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून विलायतेत गेलेला एक हिरा चोरीला जातो, एवढंच. पण दाराच्या ओल्या रंगाचा डाग लागलेला झोपण्याचा कपडा आहे, धुलाईची वही मागणारा पोलीस अधिकारी आहे आणि ती वही मागितल्यावर घरात उठलेली खळबळ आहे. त्याने घटनेतलं दुःख ज्याचं त्याच्यापाशी ठेवलं आणि घटनेचा सांगाडा तेवढा घेतला: घरातल्या कपड्यांचा हिशेब एका कपड्याने चुकतो. आपल्याकडे इस्त्रीवाल्याची वही, दूधवाल्याचं खाडे मांडलेलं कॅलेंडर, गॅस सिलिंडर लावल्याची भिंतीवर लिहिलेली तारीख, सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर, हे सगळं त्याच जातीचं. माणूस जबानी बदलतो. पण कॅलेंडरवरचा खाडा त्या वेळी सहज, कुठल्याही हेतूशिवाय मांडलेला असतो, म्हणून तो नंतर मोलाचा ठरतो.

त्या विहिरीच्या घटनेतून तुम्हाला जर खरोखर काही घ्यायचंच असेल, तर पंचनामा घ्या, म्हणजे त्याची पद्धत. अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 कलमात होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 कलमात आहे. यातले पंच म्हणजे तुमच्याआमच्यासारखी माणसं. दुकान उघडायला निघालेल्या कुणालातरी बोलावून घेतात. त्याने आयुष्यात पहिल्यांदा जखमा मोजल्या जाताना बघितलेल्या असतात, आणि संध्याकाळी तो घरी जाऊन जेवायला बसतो. मला स्वतःला गुप्तहेरापेक्षा अशा पंचाच्या नजरेतून सांगितलेली मराठी कादंबरी वाचायला फार आवडेल. तपशिलासाठी उच्च न्यायालयाचे निकाल वाचा, ते संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. भाषा रूक्ष असते, पण साक्षीदाराने काय पाहिलं, उलटतपासणीत कुठे घसरला, पंच कसा फितूर झाला, हे त्यात पानोपानी मिळतं. त्यांतल्या माणसांनाही तोच नियम लावा, पद्धत घ्या, माणूस सोडा.

आणि हे सांगायलाच हवं: तुमच्या संस्थेच्या सभासदांची खाती, कर्जं, दागिने यातलं एक अक्षरही कथेत जाता कामा नये. त्यांनी ते विश्वासाने तुमच्यासमोर मांडलंय. टेलर मास्तर मी बनवले तसे तुम्हीही सगळे बनवा. नियम खरे ठेवा, माणसं सगळी बनवलेली.

वहीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ख्रिस्तीच्या 73 वह्या मागे राहिल्या आहेत. त्या पाहिलेले लोक सांगतात की त्यांत शिस्त अशी नाहीच. शाळेच्या साध्या वह्या, गिचमिड अक्षर, एका कथेचा तुकडा एका वहीत आणि पुढचा तिसऱ्याच वहीत, मधेच घरच्या सामानाची यादी. तेव्हा रविवारी मुहूर्तावर कोरी डायरी उघडून बसू नका. काउंटरखाली एक पाठकोरी वही ठेवा आणि दुपारी गर्दी ओसरली की त्यात दोनच गोष्टी लिहा. आज काय नेहमीसारखं झालं नाही, आणि त्याची निदान तीन कारणं. एक निरागस, एक लाजिरवाणं, एक गुन्ह्याचं. शनिवारी न चुकता येणारे आजोबा आज आले नाहीत. लग्नाला गेले असतील. सुनेशी भांडून मुलीकडे गेले असतील. तिसरं कारण तुम्ही शोधा. बहुतेक वेळा आजोबा सोमवारी हसत येतील आणि लग्नातल्या जिलब्यांबद्दल सांगतील, त्याने काही बिघडत नाही. तिसरं कारण तुमच्याकडे राहतंच.

सुरुवात करण्याआधी एक काम करा. तुमच्या एजंटांपैकी जे सगळ्यात जुने असतील त्यांना चहाच्या वेळी विचारा, गिऱ्हाईक दुकानात भेटलं नाही तर ते किती दिवस पदरचे भरत राहतात आणि कितव्या दिवशी घरी जाऊन कडी वाजवतात. मी बुधवारची एकच नोंद धरली आणि प्रेत शुक्रवारी सापडलं असं मानलं, ते अंदाजाने. त्यांचं उत्तर निराळं आलं तर तुमच्या कथेचे वार बदलतील, मग डॉक्टरांचा अंदाज बदलेल, आणि गुरुवारी मास्तरांच्या दुकानाचं शटर उघडं होतं की बंद हेही नव्याने ठरवावं लागेल. पहिलं प्रकरण झालं की पाठवा. मी वाचीन.